नॉर्मल झाली म्हणे

माझ्या पहिल्या बाळंतपणाची सगळी हकीकत एका शब्दात लिहून ठेवलेली आहे, आणि तो शब्द खोटा आहे. दवाखान्यातून सुट्टी देताना जे पिवळं कार्ड हातात दिलं, त्यावर 'प्रसूतीचा प्रकार' या छापील ओळीपुढे निळ्या पेनाने लिहिलंय, नॉर्मल. अक्षर वळणदार आहे. मी हायस्कूलला गणित शिकवते. वळणदार अक्षरातली चुकलेली उत्तरं रोज तपासते, म्हणून मी अक्षराला भुलत नाही. बाकी सगळे भुलले. दुसऱ्या खेपेला मला बाळ पोटातून काढून घ्यायचं होतं, ठरवून, कळा यायच्या आधी, आणि त्यासाठी मला या एका शब्दाशी भांडावं लागलं.

आमच्याकडे रीत अशी की पहिलं बाळंतपण माहेरचं आणि दुसरं सासरचं. माझं माहेर बीबी गावचं. वडिलांची भाजीपाल्याची शेती, वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि बाजाराच्या दिवशी पहाटेच जुड्या बांधायला बसणारी माय. सातव्या महिन्यात ओटी भरून मला तिकडे नेलं. उन्हाळ्यातल्या एका दुपारी कळा सुरू झाल्या आणि जवळच्या एका गावातल्या खासगी दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत त्या चालूच होत्या. डॉक्टर दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा म्हणाले, होईल, नॉर्मलच होईल. मायने दोन्ही वेळा हात जोडले.

मग बाळाचं डोकं बाहेर आलं आणि बाळ तिथंच थांबलं. खांदा अडकला होता. एका बाईने माझ्या पोटावर दोन्ही हातांनी दाब दिला, दोघींनी माझे पाय छातीपर्यंत मागे रेटले, आणि तोवर हसून बोलणारे डॉक्टर एकदम गप्प झाले. दुखण्यापेक्षा मला त्यांच्या गप्प होण्याची भीती वाटली. मुलगी बाहेर आली ती रडली नाही. रडली बऱ्याच वेळाने, आणि तिचा उजवा हात नुसता लोंबत होता. मी खालून फाटले होते, पार मागच्या जागेपर्यंत. किती टाके घातले ते मला कुणी सांगितलं नाही आणि कार्डावरही लिहिलं नाही. दारात जाऊन तिथल्या आयाने बाहेर बसलेल्या नातेवाइकांना सांगितलं, "बाई मोकळी झाली."

आपल्या भाषेत बाळंत झालेल्या बाईला मोकळी झाली म्हणतात. ज्याने कुणी हा शब्द काढला त्याला माझा कोपरापासून नमस्कार. मी मोकळी झाले ती अशी की पुढचं दीड वर्ष कुठेही जायचं तर आधी तिथे संडास कुठे आहे ते विचारत होते. लग्नाचं आमंत्रण आलं की लोक मुहूर्त बघतात, मी कार्यालयाचा नकाशा मनात आणायची. वारा सरला तरी कळत नव्हतं, आणि वाऱ्यावर थांबलं तर नशीब. हे लिहिताना मला लाज वाटत नाही. वाटायची. एकदा दहावीच्या वर्गात उभी असताना कपडे खराब झाले. मी तास संपेपर्यंत भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि एकेका पोराला फळ्यावर बोलावून गणितं सोडवून घेतली. त्या दिवशी पोरं घरी जाऊन सांगत होती म्हणे, बाई आज लय मस्त शिकवत होत्या, सगळ्यांना चान्स दिला. लाज जी काय होती ती त्या तासाला खर्च झाली.

मुलीच्या हाताचे व्यायाम करून घ्यायला मी आठ महिने जालन्याला जात होते. सासर माझं देऊळगाव राजाचं, तिथून जालन्याची एसटी हाताशी असते. मांडीवर पोर, खांद्याला पिशवी, पिशवीत माझे दोन जादा परकर. तिचा हात सुधारला. आता त्याच हाताने ती मला मारते आणि मी खुशाल मार खाते. माझंही पुष्कळ सुधारलं, व्यायामाने, औषधाने आणि काय खायचं काय नाही याच्या अनुभवाने. पूर्ण नाही. पण घरात कुणी विचारलं की उत्तर तयार असायचं, आणि ते मी नाही, आत्याबाई द्यायच्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. "आमच्या सुनेची नॉर्मल झाली," असं त्या सांगायच्या, आणि सांगताना पदर सारखा करायच्या.

पाच वर्षांनी दुसऱ्यांदा दिवस गेले. मला मूल हवं होतं, हे आधीच सांगते, नाहीतर लोकांना वाटतं भित्री बाई आहे, टाळत होती. हवं होतं आणि भीतीही होती, दोन्ही एकाच पोटात. मी नवऱ्याला सांगितलं, यावेळी सिझर, आधीपासून ठरवून. तो पंचायत समितीत कारकून आहे, कुठल्याही अर्जावर आधी वरिष्ठांचा शेरा बघतो. तो म्हणाला, "माझी ना नाही. पण आईला तूच सांग." मी म्हटलं, "तुमची ना नाही हे एवढं बळ मला पुरे आहे, वाघाच्या गुहेत मी एकटी जाते." त्याला ते कौतुक वाटलं.

पण गुहेच्या आधी दवाखाना होता. जालन्यातल्या एका प्रसूतितज्ज्ञ बाईंकडे नाव घातलं. पहिल्या खेपेला तपासायला त्यांच्या हाताखालची तरुण डॉक्टर होती. तिने पिवळं कार्ड बघितलं, माझ्याकडे बघून छान हसली आणि म्हणाली, "पहिली नॉर्मल आहे की. मग काही टेन्शनच नाही." मी सांगायला लागले तर ती मान डोलवत राहिली आणि फाईलवर तोच शब्द उतरवून घेतला. म्हणजे एका कार्डावरची चूक आता दोन कागदांवर झाली. वर्गात एकाने चुकीचं उत्तर लिहिलं की शेजारच्या बाकावर ते कसं जातं, मला माहीत आहे.

मी घरी आले आणि फुलस्केप घेऊन बसले. त्या दुपारपासून दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत काय काय झालं ते सगळं लिहिलं. कळा किती तास, डोकं आल्यावर बाळ किती वेळ अडकलं, पोटावर कोण दाबत होतं, मुलीचं वजन, तिचा हात, माझं फाटणं, नंतरचं दीड वर्ष, आणि तो दहावीचा तास. नवऱ्याने वाचायला मागितलं. पाचव्या ओळीनंतर तो उठून अंगणात गेला. पाच वर्षं तो माझ्या शेजारी झोपतो, पण हे त्याला माहीत नव्हतं. चूक त्याची अर्धी, अर्धी माझी. मी त्याला सांगत असे, पोट बिघडलंय.

काही गोष्टी मला आठवत नव्हत्या, म्हणून मायला फोन केला. मला वाटलं होतं, ती टाळेल. या बाबतीत आम्ही दोघी कधी बोललो नव्हतो. तिने टाळलं नाही. म्हणाली, "मीच तं नेलती तुले त्या दवाखान्यात."

मी म्हटलं, "माय, तुला दोष देत नाही. मला फक्त सांग, बाळ किती वेळ अडकलं होतं?"

"मले घड्याळ नाही समजलं बाई त्या वक्ती. पण तुह्या पायापाशी मी उभी होती. तुही पोर निळी पडली होती, जांभळासारखी. डागदर म्हने होते होते, अन् मी हाव हाव म्हनत राह्यली." मग आवाज बदलून म्हणाली, "तुले पोट कापून घ्याचं असन तं घे. कोनी काही म्हनलं तं मले सांग. मी पाह्यलं हाय. लोकाइनं नाही पाह्यलं."

ते शेवटचं वाक्यही मी फुलस्केपवर लिहिलं, बीबीच्या बोलीत, जसंच्या तसं.

पुढच्या वेळी मी हट्ट धरून मोठ्या डॉक्टरीणबाईंनाच भेटले आणि कार्डाच्या आधी माझी दोन पानं पुढे केली. त्यांनी ती उभ्याने वाचायला घेतली आणि मग खुर्चीत बसून पहिल्यापासून वाचली. मला तपासलं, एक चाचणी सांगितली, तिचा निकाल आल्यावर मागचा स्नायू अजून अधू आहे हे स्पष्ट झालं. त्यांनी मला दोन्ही बाजू सांगितल्या. पुन्हा खांदा अडकेलच असं नाही, अडकणार नाही असंही सांगता येत नाही. आणि सिझर म्हणजे केस कापणं नव्हे. रक्तस्राव होऊ शकतो, टाके पिकू शकतात, गुठळी होऊ शकते, पुढे तिसरं ठेवायचं झालं तर त्याला अडचण येऊ शकते. "घाई नाही. विचार करून सांगा," त्या म्हणाल्या.

"पाच वर्षं विचारच करतेय, मॅडम," मी म्हटलं.

त्यांनी फाईलवरचा 'नॉर्मल' खोडला नाही. त्याच्यासमोर लाल पेनाने मोठा बाण काढला आणि लिहिलं, सोबतची दोन पानं वाचावीत. माझी पानं त्यांनी फाईलला टाचली. मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. उलट बसस्टँडवर येऊन मी दोन प्लेट भजी खाल्ली.

आता गुहा. आत्याबाई गव्हातले खडे वेचत होत्या, मामाजी, म्हणजे सासरे, पेपर वाचत होते. मामाजी निवृत्त हेडक्लार्क. सत्यनारायण, वास्तुशांत वगैरे सांगायला जातात, आणि घरात त्यांच्या पंचांगाशिवाय नवीन कुकरसुद्धा चढत नाही. मी सरळ सांगितलं. आत्याबाईंचा हात गव्हातच राहिला.

"पहिली नॉर्मल झाली अन् दुसरीला पोट फाडायचं? काहून?"

"पहिली नॉर्मल झाली नाही, आत्याबाई. कार्डावर झाली."

"लेकरू खालूनच आलं ना? मग? मी चार बाळंतपणं केली. घरात, सुईणीच्या हातावर. तिसऱ्या दिवशी चुलीपुढे होते. सिझरची बाई म्हणजे अर्धी बाई. हंडा उचलता येत नाही, कंबर कायमची गेली."

"हंडा कुठे उचलायचाय? घरात नळ घेतलाय आपण सहा वर्षांपूर्वी," मी म्हटलं. मामाजींनी पेपर थोडा वर धरला.

त्यानंतरचे दोन महिने आमच्या गल्लीतल्या प्रत्येक बाईने मला एक गोष्ट सांगितली, आणि प्रत्येक गोष्टीत कुणाची तरी चुलतबहीण सिझरनंतर आजन्म आजारी होती. आजकालच्या पोरींना कळा नकोत, असं एकीने माझ्या तोंडावर सांगितलं. मी तिला म्हटलं, "मला वीस तासांच्या आल्या होत्या, त्यातल्या निम्म्या तुम्हाला देऊ का?" ती त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही, आणि माझा दुपारचा वेळ वाचतो. ज्याचं जळतं त्याला कळतं असं म्हणतात. पण मला आलेला अनुभव असा की ज्याचं जळतं त्याला इतर लोक शिकवतात की हे जळणं नव्हेच, ही ऊब आहे.

आणि एक दिवस विरोध एकाएकी मावळला. संध्याकाळी मामाजी पंचांग घेऊन ओसरीवर बसले, चष्मा लावला आणि म्हणाले, "करायचंच ठरलं असेल तर एक सोय आहे. वेळ आपल्या हातात येते. पौषात गुरुपुष्य आहे. गुरुवार, वर पौर्णिमा. असा योग मागून मिळत नाही."

आत्याबाईंचा चेहरा बदललेला मी डोळ्यांनी पाहिला. जे पोट सकाळपर्यंत फाडलं जाणार होतं, ते आता मुहूर्तावर उघडलं जाणार होतं. त्यांनी लगेच विचारलं, "सकाळचा की दुपारचा?" पंधरा मिनिटांत तास, घटका, रास, नावाचं अक्षरसुद्धा ठरलं. मला कुणी काही विचारलं नाही. मी तिथेच, त्यांच्या समोरच, आठ महिन्यांचं पोट घेऊन बसले होते.

मी मोबाइल काढला आणि दिवस मोजले. गुरुपुष्याला मला सदतीस आठवडे भरत होते. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, निकड नसेल तर एकोणचाळीसच्या आत नाही, बाळाची फुप्फुसं पिकायला वेळ द्यायचा. मी मामाजींना ते सांगितलं. ते म्हणाले, "दोन आठवड्यांनी काय फरक पडतो? पूर्वी सातव्या महिन्यात झालेली लेकरं जगली."

"आणि न जगलेली कुणी मोजली?" मी विचारलं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग आपल्या चपलांकडे.

पुढच्या तपासणीला मामाजी स्वतः बरोबर आले, योग वाया जाऊ नये म्हणून. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, मुहूर्त मागणारे रोज येतात, जमेल तेव्हा मी वेळ पाळते, पण बाळ कच्चं असताना नाही. मग डायरी उघडून त्यांनी गुरुपुष्यानंतर पंधरा दिवसांनी आलेल्या शुक्रवारावर बोट ठेवलं. "हा घ्या. एकोणचाळीस भरून एक दिवस. थिएटर सकाळपासून रिकामं आहे, भूल देणारे डॉक्टर पण निवांत असतात."

मामाजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. त्या शुक्रवारच्या चौकोनात काळा गोल छापलेला होता. अमावास्या.

"म्हणूनच रिकामं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्या दिवशी कुणी तारीख घेत नाही. आदल्या दिवशी पाच आहेत, नंतरच्या दिवशी चार."

मी गणिताची बाई आहे. एका दिवशी पाच जणींत एक, की अख्खा दवाखाना माझ्या एकटीचा? पहिल्या खेपेला डॉक्टर दोनदा येऊन गेले होते, कारण बाहेर रांग होती. मी म्हटलं, "हाच लिहा, मॅडम." त्यांनी मामाजींकडे बघितलं नाही, माझ्याकडेच बघून लिहिलं. त्यासाठी मी त्या बाईंना मरेपर्यंत मानेन.

परतीच्या एसटीत मामाजी पंचांग चाळत होते. घरी आल्यावर मात्र स्फोट झाला, तो आत्याबाईंकडून. अवसेला लेकरू? अवसेला तर आपण प्रवासाला निघत नाही. लोक काय म्हणतील? जन्मभर त्याच्या मागे लागेल. शांत करावी लागेल. आणि मुद्दाम, हात पाय धड असताना, स्वतः मागून अमावास्या घ्यायची, ही कुठली बुद्धी?

मी उभी होते ती खाली बसले, कारण पाय सुजलेले होते, आणि म्हटलं, "आत्याबाई, पोळा कधी असतो?"

"पोळ्याचं काय आता?"

"अमावास्येला असतो. बैलांना ओवाळता. त्याच दिवशी पिठोरी. लेकरांसाठी उपास धरता, कुणाच्या लेकरांसाठी? आणि दिवाळीत लक्ष्मीपूजन? अमावास्याच. बैलाला अवस चालते, लक्ष्मीला चालते, मग मलाच का नाही चालत?"

मला वाटलं आता मामाजी काहीतरी शास्त्र काढतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि आत्याबाईंना म्हणाले, "तसं म्हटलं तर बरोबर आहे तिचं." मग माझ्याकडे वळून, "पण शांत मी करणार. त्याला आडवं यायचं नाही." मी म्हटलं, करा. बाळ आणि मी धड असलो तर दहा शांती करा, मी पाटावर बसते. आत्याबाई मात्र मानल्या नाहीत. त्या शुक्रवारपर्यंत त्यांनी माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलणं ठेवलं. दुसरं बाळंतपण सासरचं, म्हणून डिंक, खारीक, आळीव सगळं मात्र आणून ठेवलं. राग एका डब्यात आणि आळीव दुसऱ्या, असा त्यांचा हिशेब स्वच्छ होता.

गुरुवारी दुपारी मला भरती केलं. माय बीबीहून आली, मोठीला सांभाळायला. शुक्रवारी सकाळी एक नर्स कागद घेऊन आली आणि नवऱ्याला म्हणाली, "सर, इथे सही." मी म्हटलं, आधी मला वाचू द्या. ऑपरेशनच्या कारणापुढे कुणीतरी लिहिलं होतं, 'नातेवाइकांच्या विनंतीवरून'. नातेवाइकांच्या. माझ्या नातेवाइकांनी इतके महिने जी काय विनंती केली होती ती वर लिहिलीच आहे. मी पेन मागितला, तो शब्द आडवी रेघ मारून खोडला आणि लिहिलं, 'माझा निर्णय. पहिली प्रसूती अवघड झाली होती, खांदा अडकला, मागपर्यंत फाटलं.' खाली सही केली, पूर्ण नावाने. नर्स म्हणाली, "अहो, मिस्टरांची लागते." नवरा म्हणाला, "साक्षीदार म्हणून करतो." चार ओळी खाली, साक्षीदाराच्या जागी त्याने सही केली. कारकून माणूस, रकाना त्याला बरोबर सापडला. मी त्या क्षणी त्याच्यावर लग्नाच्या दिवशीपेक्षा जास्त प्रेम केलं.

पाठीत सुई दिली, पाय आपले राहिले नाहीत, पडद्यापलीकडे ओढाताण चाललेली कळत होती पण दुखत नव्हतं. डॉक्टरीणबाई काय करतायत ते मला सांगत होत्या. एकदाही गप्प झाल्या नाहीत. मग रडणं ऐकू आलं, ताबडतोब, कुणी पाठीत चापट न मारता. मुलगी. मी आधी विचारलं, हात? बालरोगतज्ज्ञांनी तिचे दोन्ही हात धरून मला हलवून दाखवले. तेव्हा मात्र मी रडले, चांगली मोठ्याने.

सिझर सोपं असतं असं मी कुणाला सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी उठवून चालवलं तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. खोकला आला की उशी पोटाशी धरायची. दूध यायला उशीर झाला. पण हे दुखणं पोटावर होतं, पट्टीखाली होतं, रोज सकाळी चार माणसं येऊन त्याची चौकशी करत होती. ते मला भिंतीला टेकून लपवावं लागत नव्हतं. मी मनाशी म्हटलं, दुखायचंच असेल तर मी निवडलेलं दुखू दे.

चौथ्या दिवशी सुट्टी मिळायची होती. माय मोठीला घेऊन खाली चहाला गेली होती, नवरा बिलाच्या खिडकीवर होता. खोलीत मी, बाळ आणि आत्याबाई. डॉक्टरीणबाई राऊंडला आल्या, टाके बघितले, छान आहे म्हणाल्या आणि निघाल्या. आत्याबाई उठल्या. मला वाटलं, अवसेबद्दल काहीतरी सुनावणार. त्यांनी दार लावून घेतलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"मॅडम, जरा माझं पण बघता का?"

"काय होतंय आजी?"

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. "अंग बाहेर येतं," त्या म्हणाल्या.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गर्भाशय जागा सोडून खाली उतरतं, बसताना, खोकताना, वजन उचलताना बाहेर येतं, त्याला आमच्याकडे अंग बाहेर येणं म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून. आत्याबाईंनी बंद दाराकडे बोट केलं, ज्याच्या पलीकडे जिना होता आणि जिन्याखाली बिलाची खिडकी. "याच्या टायमापासून." माझा नवरा अडतीस वर्षांचा आहे.

"मग करता काय?"

"आत लोटते. कपडा लावते. लघवी अडली तर हाताने वर धरते."

मला दया यायला हवी होती. आधी राग आला, असा की टाक्यांपर्यंत कळ गेली. मी म्हटलं, "आत्याबाई, अडतीस वर्षं हे भोगताय, आणि मला त्याच वाटेने पाठवत होता? तिसऱ्या दिवशी चुलीपुढे होते म्हणून सांगत होता?"

"चुलीपुढे होतेच," त्या म्हणाल्या. "त्यानेच झालं असेल. मला वाटायचं, सगळ्याच बायांचं असतं, सांगत कुणी नाही. तू ती दोन पानं लिहिलीस ना. ती मी वाचली. तुझ्या कपाटातली फाईल काढून, तू शाळेत गेलीस तेव्हा. राग आला मला. हिने लिहिलं कसं, म्हणून."

बाळ चुळबुळलं, मी त्याला थोपटलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना शेजारच्या पलंगावर झोपवून पडदा ओढला. पडद्याआडून त्यांचं हळू बोलणं ऐकू येत होतं, मग हातमोजे काढल्याचा आवाज आला.

"आजी, बरंच खाली आलंय. ऑपरेशन करावं लागेल. घाबरण्यासारखं नाही, पण आता लांबवू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजोबांशी, मुलाशी बोलून घ्या. घरी विचारा आणि मग सांगा."

पडदा सरकला. आत्याबाई लुगडं सारखं करत पलंगावरून खाली उतरल्या.

"घरी काय विचारायचं?" त्या म्हणाल्या. "अंग माझं आहे. तुम्ही तारीख द्या."